अनशीबायच्या उघड्या तोट्या

अनशीबाय कुठलीही तोटी हातात घेतली की आदी ती उघडायची. पितळेची हाय की जस्ताची, लोखंडाचा नट अडकलाय की नाय, ते सगळं मागनं. हातानं फिरली तर हातानं, नायतर पान्यानं, आणि पान्याचंही ऐकलन् नाय तर छिन्नी लावून फोडायची. मग उलटी करून चिऱ्यावर आपटायची, आत पाण्याचा थेंब असला तर गळू द्यायची, आणि तेवाच ढिगात टाकायची. मी भंगाराच्या वखारीत कामाला लागले त्या पहिल्या दिवशी दुपारपर्यंत हेच बगत बसले. मला वाटलं, बाईच्या डोक्यात फरक हाय. भिंतीतनं उपटून आणलेली तोटी, तिला ना मागं टाकी ना पुढं बालदी, ती उघडून करायची काय?

वखार हुसेनशेटची. रत्नागिरीच्या बाहेर कातळावर, वर पत्रे आणि तीन बाजूंनी चिऱ्याचा गडगा. पडलेल्या घरांतले नळ, लॉजमधले शॉवर, संडासाच्या टाकीतले गोळे, मिरकरवाड्याच्या बंदरातनं लाँचीवरचे पायप, असलं सगळं तिथं यायचं. आमी बायका बसून निवडायचो. तांबं एकीकडं, पितळ एकीकडं, शिसं वेगळं, ओतीव लोखंडाचं बीड वेगळं. पितळेच्या गोण्या भरून टेंपोतनं घाटावर जायच्या, कोल्हापूरच्या एका ओतशाळेत. तिथं भट्टीत घालून वितळवायचे.

मी लांज्याच्या वरच्या अंगाची. आमचे हे आंबे काढताना कलमावरनं पडले आणि कमरेखालचं सगळं गेलं. दोन पोरी पदरात. ह्यांना इस्पितळात ठेवायचं म्हणून आमी रत्नागिरीत आलो ते मग इथंच राहिलो. कुणी मासळी निवडायला बोलवलं, तिकडं बर्फात माझे हात फुटले. मग कुणीतरी वखारीत आणून सोडलं. रडणं असायचं ते मी पाखाडीच्या पायऱ्या उतरता उतरता उरकून घ्यायचे. वखारीत पोचेपर्यंत डोळे पुसलेले असायचे.

अनशीबायला ते कळायचं. तिनं कदी विचारलन् नाय. पण मी रडून आले असले की त्या दिवशी बरोबर ज्या तोट्या गंजून दगड झाल्यायत त्या ती माज्या पुढ्यात सरकवायची.

"घे गो सुमे, ह्या फोड आज."

मी फोडायचे. जोरात हातोडा घालायचे. तासाभरानं हात दुखायला लागले की बाकीचं दुखणं जरा मागं सरायचं.

अनशीबाय अंगानं उंच, काळी, हाडापेरानं मोठी. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं. कमरेला सुतळीनं लोहचुंबक बांधलेलं असायचं, दुसऱ्या बायका चाव्या लावतात तसं. पितळेवर नेऊन बगायचं, चिकटलं तर आत लोखंड हाय. संध्याकाळी घरी जाताना ते काढायला ती नेमकी विसरायची. एकदा बाजारात कोळणीसमोर वाकली आणि कोयती जाऊन तिच्या कमरेला चिकटली. कोळीण उठलीच. "आगो मेले, माजी कोयती चोरतंस?" सगळा बाजार जमला. अनशीबाय शांतपणे बोलली, "मी नाय गो बोलवली, तीच आली." त्या दिवशी कोळणीनं तिला दोन बांगडे जास्त घातलेन्.

धातूंना तिनं नावं ठेवली होती. बीड मंजे सासरा. वाकायचा नाय, एकदम तुटायचा. तांबं मंजे पहिलं पोर, जिकडं वळवाल तिकडं वळतं. शिसं मंजे मुकी सून, दिसायला एवढीशी पण उचलायला गेलं की वजन कळतं. आणि ह्या नवीन चकचकीत तोट्या येतात ना, वरनं आरशासारख्या आणि आत जस्त, त्या मंजे व्याही. "चमकतो किती बग. दाबून बग, मोडेल." ती तसं बोलायची आणि खरंच मोडायची.

जेवताना ती केळीच्या पानाचा तुकडा हाताला गुंडाळून घ्यायची आणि त्या हातानं भाकरी खायची. पितळेचा वास कातडीत मुरतो, चिंचेनं घासला तरी जात नाय, भाकरी कडू लागते. मलाही तिनंच शिकवलन्.

तोट्यांचं मी आठेक दिवसांनी विचारलं. तिनं हातातला वॉल होता तो फिरवलान्, उलटा केलान्. चमचाभर काळं पाणी चिऱ्यावर पडलं.

"हे बगितलंस? एवढं पाणी. बंद वॉल तसाच भट्टीत गेला की हे पाणी आत उकळतं. वाट नाय बाहेर यायला. मग फुटतं बाँबसारखं, आणि वितळलेलं पितळ उडतं भट्टीपाशी उभा असेल त्याच्या तोंडावर."

"तुला कोणी सांगितलन्?"

"आमच्या वाडीतला एक तसाच गेला." मग बोलली, "आता तिथं माजा विश्राम उभा असतो."

विश्राम तिचा एकुलता पोरगा. आदी मुंबईत होता, तिथनं कोल्हापुरात ओतशाळेत लागला आणि तिथलीच मुलगी केलीन्. हिला ते पटलं नाय. वाडीत मामाची मुलगी ठरवून ठेवली होती. लग्नाचं बोलावणं घेऊन तो स्वतः आला तर हिनं दारातनंच सांगितलन्, घाटावरची सून माज्या उंबऱ्याच्या आत नको आणि माजा पाय घाट चढायचा नाय. तोही हिचाच पोरगा. पाणीसुद्धा न पिता मागं फिरला. त्याला वर्षं झाली. नंतर हिला कुणाकडनं कळलं की हुसेनशेटच्या वखारीतलं पितळ विश्रामच्याच ओतशाळेत जातं. तशी ही गाव सोडून रत्नागिरीत आली, भाचीकडं राहिली आणि वखारीत गोणपाटावर येऊन बसली. शेटना वाटलं, म्हातारीला काम पायजे.

"त्याला ठाव हाय, तू इथं हायस ते?" मी विचारलं.

"कशाला?" ती बोलली आणि दुसरी तोटी घेतलीन्.

शेट सुरवातीला वैतागायचे. माणूस चांगला, पण माल अडकला की जीव वरखाली व्हायचा त्यांचा. एकदा मोठं लॉज पाडलं होतं, त्याचा ढीग पत्र्याला लागला होता. शेट येऊन उभे राहिले.

"काय गो अनशी, एकेक नळ उघडून कोणाला पाणी पाजतंस? दुसऱ्या वखारीत बायका दिवसात ढीग संपवतात."

"शेट, तुमी नमाज पडता तेवा मी कदी बोलल्ये, आटपा लवकर म्हणून?"

 शेट हसायला लागले. "तुज्या तोंडाला लागणं मंजे ना..." असं काहीतरी बोलत आत गेले. त्यानंतर तिच्या तोट्यांबद्दल कोणी बोललं नाय. घाईची गोष्ट निघाली की ती एवढंच बोलायची, "घाई भट्टीला असू दे, आपल्याला नको."

टेंपो चालवायचा शंकर, कोल्हापूरकडचाच. तो आला की अनशीबायला काहीतरी काम निघायचं टेंपोपाशी. गोणीचं तोंड बगायचं, दोरी आवळायची. आवळता आवळता विचारायची, जसं काय पावसापाण्याचं विचारतेय.

"तो भट्टीवरचा कसा हाय?"

"कोण, विसरामभाऊ? हाय की. जाड झालाय."

"जाड मंजे? सुजलाय काय?"

"न्हाई ओ, बायको खायला घालत्या."

त्यावर तिनं दोरी आणखी आवळलीन्. पण त्या दिवशी भाकरी पुरी खाल्लीन्, हे मी बगितलं.

वैशाखात तिनं आंबोशी केलीन्. कैरीच्या फोडी कातळावर वाळवल्यान्, मीठ लावून, स्वच्छ फडक्यात बांधून शंकरच्या हातात दिलीन्. "घे रे, तुला." विश्रामला आंबोशीची आमटी फार आवडायची, ते मला ठाव होतं. शंकरला कसं असणार? पुढच्या खेपेला ती टेंपोपाशी उभी.

"आंबोशी काय केलंस?"

"खाल्ली की. लई भारी हुती."

"सगळी?"

"सगळी."

"एकट्यानं?"

"तुमी मला दिलीसा न्हवं?"

"दिली तुला. पण एकट्यानं खा म्हणून सांगितलं काय? माणूस कामावर जातो, चार जणांत बसतो, वाटून खातो! एवढा मोठा घोडा झालास, आईनं शिकवलन् नाय?"

शंकर बिचारा माज्याकडं बगायला लागला. मी पदर तोंडाला लावला. पुढच्या वर्षी तिनं दुप्पट दिलीन् आणि बजावलन्, "भट्टीवरच्यांना पण दे." नाव काय घेतलन् नाय.

असं चाललं होतं. आणि मग त्या दसऱ्याला ते झालं.

दसऱ्याला वखारीत काटा, हातोडे, छिन्न्या धुवून पूजा करायची, ही अनशीबायनंच लावलेली रीत. शेट स्वतः झेंडूची फुलं आणि पेढे आणून द्यायचे. त्या वर्षी कलश आणायला मी विसरले, तीही विसरली. मग तिला पितळेच्या ढिगात एक मोठा वॉल दिसला, वर गोल चाक असलेला, कुठल्या तरी पाण्याच्या टाकीवरचा. चिंचेनं घासलान्, सोन्यासारखा झाला. बालदीत बुडवून धुतलान्, चाक फिरवून घट्ट बंद केलान्, उभा करून वरच्या तोंडात पाणी भरलन्. फुलांच्या पाकळ्या टाकल्यान्, आंब्याची पानं लावलीन्, वर नारळ. थेंब गळला नाय.

"बग गो, अजून जिवंत हाय. उगीच भंगारात टाकलाय," ती कौतुकानं बोलली.

आमी हात जोडले. आपट्याची पानं दिली घेतली, पेढे खाल्ले आणि घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमी आलो तर टेंपो गेलेला. शंकरला घरी सणाला पोचायचं होतं ते राहिलं, म्हणून तो पहाटेच निघाला. हमालानं पितळ दिसेल ते गोण्यांत भरलं होतं. त्याचा तरी काय दोष. अनशीबाय प्रसाद करायला नारळ उचलायला गेली. नारळ चिऱ्यावर नुसता पडलेला.

"सुमे, वॉल कुठाय?"

मी ढिगाकडं बगितलं. ढीगच नव्हता.

तिचं तोंड राखेसारखं झालं. वरचं पाणी हमालानं ओतलं असणार, पण बालदीत बुडवताना पोटात शिरलेलं पाणी चाक फिरवल्याशिवाय येत नाय. आणि ते चाक तिनं स्वतःच्या हातानं आवळलेलं.

शेटनी शंकरला फोन लावला, लागेना, तो घाटात असणार. मग ओतशाळेत लावला. कोणीतरी उचलला, शेटनी समजावून सांगितलं, पलीकडचा बरं बरं बोलला आणि ठेवलान्.

"सांगितलंय गो. बगतील ते."

"कोणाला सांगितलंत?"

"हापिसातल्या माणसाला."

"हापिसातला माणूस भट्टीपाशी उभा राहतो काय?"

 ती उठली, पदर खोचलान्. "सुमे, चल."

"कुठं?"

"घाट चढायचाय."

शेट आमच्या पुढं धावत रस्त्यावर गेले आणि कोल्हापूरची गाडी आली तशी मधोमध हात पसरून उभे राहिले. कंडक्टर शिव्या घालत होता, तोवर आमी चढलो.

ती सीटच्या कडेवर बसली होती, पुढच्या दांडीला धरून. साखरपा गेलं, घाट लागला. मी वळणावळणावर तिच्या अंगावर पडत होते, तिचं लक्षच नव्हतं. घाट चढून गाडी थांबली तशी ती उठून डायवरकडं गेली.

"बाबा, चा घरी जाऊन पी, हात जोडत्ये."

"आजी, मी नाय पीत. गाडी तापल्येय, ती पितेय पाणी."

मग येऊन बसली. खिडकीकडं बगत बोलली, "लग्नाला गेले असते तर काय झालं असतं गो?"

मी तिच्या हातावर हात ठेवला. 

ओतशाळा शोधायला वेळ गेला नाय, रिक्षावाल्याला ठाव होती. दारातच गरम वारा तोंडावर आला. जमिनीवर सगळी काळी वाळू, आणि आत भट्टीचं तोंड लाल. शंकरचा टेंपो रिकामा उभा. आमच्या गोण्या भट्टीच्या बाजूला उतरवलेल्या आणि एक माणूस एका गोणीची दोरी सोडत होता.

"हात लावू नको!" अनशीबाय अशी ओरडली की भट्टीचा आवाज मला ऐकू आला नाय.

"ओ मावशी, कुठं चाललासा? आत येऊ नका!"

ती गेलीच. त्या माणसाच्या हातातनं गोणी घेतलीन्, उलटी केलीन्, खाली बसली आणि चाळायला लागली. चार माणसं जमली. त्यातनं एक पुढं आला. जाड, तोंडावर काजळी, भुवया नसल्यासारख्याच. मी त्याला कदी बगितलं नव्हतं, पण उभं राहायची ढब तिचीच.

"आये?"

तिनं वर बगितलन् नाय.

"तू इथं कशी?"

"आदी पाना दे. मग विचार."

त्यानं पाना दिलान् आणि खाली बसला. मीही बसले. काय शोधायचं ते मी त्याला सांगितलं. वॉल मिळाला पुढच्या गोणीत, तळाला. चाक एवढं आवळलेलं की तिच्या हातानं फिरेना. विश्रामनं तिच्या हातावर आपला हात ठेवलान् आणि दोघांनी मिळून फिरवलं. पाणी आलं. भांडंभर असेल. काळ्या वाळूवर पसरलं आणि त्यात झेंडूची एक पाकळी.

 दोरी सोडणारा माणूस हळूच बोलला, "आयला, ही गोणी तर आता भट्टीतच चालली हुती."

"तुमी बगून नाय घालत?" अनशीबायनं पहिल्यांदा पोराच्या तोंडाकडं बगितलन्.

विश्रामनं वॉल उलटा करून वाळूवर आपटलान्. मग बोलला, "बाकी सगळ्या बगतो. रत्नागिरीच्या नाय बगत. त्या गोण्यांत बंद तोटी कदी निघालीच नाय, इतक्या वर्षांत. मीच सांगितलंय सगळ्यांना, तिकडचा माल डोळे मिटून घाला, तिकडं कोणीतरी देवमाणूस बसलाय निवडायला."

तिनं पाना खाली ठेवलान्. मग मीच बोलले, "ही बसते निवडायला."

त्याला कळायला वेळ लागला. कळलं तसं त्याचं तोंड लहान पोरासारखं वाकडं झालं. अनशीबायनं पदराच्या टोकानं त्याच्या कपाळावरची काजळी पुसलीन्.

"भुवया कुठायत रे तुज्या?"

"जळतात गो. परत येतात."

"येतात तर येऊ देत," ती बोलली आणि मग तिला रडू आलं. इतक्या वर्षांत मी तिला रडताना तेवढंच बगितलं.

रात्री त्याच्या घरी राहिलो. सून दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती, घाबरलेली, सुनंदा नाव. पायांवर पाणी घालायला वाकली. अनशीबाय उंबऱ्याबाहेर उभी राहिली. मला वाटलं, आता ही मागं फिरते की काय. मग तिनं लुगडं वर धरलन् आणि आदी उजवा पाय पुढं केलान्.

मला माज्या माणसांसाठी सकाळच्या गाडीनं यायचंच होतं. ती बोलली, दिवाळी झाली की येत्ये. आली नाय. शंकर सांगायचा, बरी हाय, सुनेशी भांडते, नातवंडाला घेऊन बसते. मी वखारीत तिच्या जागी बसायला लागले आणि हात चालत होते तोवर तिच्यासारखंच करत आले. तीनेक पावसाळ्यांनी शंकरनं टेंपोतनं उतरून डोक्यावरची टोपी काढलीन्, तेवा मला न सांगताच कळलं. झोपेत गेली. आमचे हेही त्याच्या पुढच्या वर्षी गेले. पोरी आपापल्या घरी हायत. मी हाय.

मी तिला बगितलं ते शेवटचं कोल्हापूरच्या स्टँडवर. मला पोचवायला सासू-सून दोघी आल्या होत्या. सुनंदानं मला वाटेत खायला ज्वारीची भाकरी बांधून दिली होती आणि अनशीबायनं ते गाठोडं खिडकीतनं परत मागून घेतलन्, सोडून बगितलन्.

"ही कसली गो भाकरी? जाडी किती! घाटात बसेल तिच्या गळ्यात."

"आत्ती, आमच्यात अशीच असती."

"तुमच्यात असेल. वायच पातळ थापायची, कडेला फाटू द्यायची नाय. उद्या मी दाखवते तुला."

"तांदळाची थापत्यात तशी ही न्हाई थापत, आत्ती, मोडती."

"मोडते कशी? हाताला वळण पायजे!"

गाडी हलली. मी खिडकीतनं हात बाहेर काढला. अनशीबाय दोन्ही तळहात एकमेकांवर मारून सुनेला भाकरी थापून दाखवत होती, सून हसत होती आणि मान हलवत होती. माज्याकडं बगायचं दोघींच्या लक्षातच आलं नाय. गाठोडंही तिच्याच हातात राहिलं.